मंडलिकांचं चरित्र पूर्ण छापा

मा. संपादक,
स.न. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. 1833 साली मुरुडला (दापोलीजवळचं, जंजिऱ्याचं नव्हे) जन्म, एल्फिन्स्टनमधलं शिक्षण, सरकारी नोकरी सोडून हायकोर्टात वकिली, 1864 ला नेटिव्ह ओपिनियन हे वृत्तपत्र, सगळं आलंय आणि छान आलंय. पण कोकणातल्या खोतांच्या (गावाचा सारा सरकारात भरून कुळांकडून वसुली करणाऱ्यांच्या) आणि कुळांच्या हक्कांवरच्या 1880 च्या खोती कायद्याबद्दल एक ओळसुद्धा नाही, हे मला फार खटकलं.

1874 मध्ये त्यांची मुंबई कौन्सिलवर, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळावर, नेमणूक झाली. आजची विधानसभा डोळ्यासमोर आणू नका, 1861 च्या कायद्याप्रमाणे गव्हर्नर नेमेल तो मेंबर, मुदत दोन वर्षं, प्रश्न विचारायचा हक्क नाही, बजेटवर चर्चा नाही, समोर बिल आलं की त्यावर बोलायचं बास. तिथे साहेब लोकांसमोर कायद्यावर वाद घालायला अभ्यास लागतो आणि छाती पण लागते, मंडलिकांकडे दोन्ही होतं. व्यवहारमयूख आणि याज्ञवल्क्यस्मृती या हिंदू कायद्याच्या जुन्या संस्कृत ग्रंथांचं त्यांचं इंग्रजी भाषांतर त्याच 1880 सालचं, यावरून व्यासंग कळतो.

पण खोती बिलावर ही सगळी विद्वत्ता उभी राहिली ती खोतांच्या बाजूने. आमचं घराणं कुळाचं, त्यामुळे हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. खोत सरकारात सारा भरायचा आणि कुळाकडून अर्धेल घ्यायचा, म्हणजे पिकलेल्या भातातलं निम्मं त्याचं, वर त्याच्या शेतावर फुकट राबायचं ती वेठ वेगळीच. सर्व्हे करून कुळांचे हक्क कागदावर आणायचं चाललं होतं तेव्हा मंडलिक खोतांच्या जुन्या हक्कांसाठी जोरात भांडले. मुंबईत करदात्यांच्या पैशासाठी म्युनिसिपालिटीशी लढणारा हाच माणूस! मला ते वाईट वाटत नाहीत, पण ते ज्या घरातून आणि ज्या वर्गातून आले तिथूनच त्यांना गाव दिसलं असं माझं स्पष्ट मत आहे. आणि दोष एकट्या त्यांचा कसा म्हणू, नेमणुका व्हायच्या त्या वकील, शेटजी, सरदार यांच्या, कुणब्या-महारांतला कोणी त्या खोलीत नव्हताच.

पुढे 1884 ला ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले, 1889 ला वारले, कुलाब्यात ताजच्या मागच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. खोती मात्र तशीच राहिली, 1933 ला अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी संप केला तो सहा वर्षं चालला, 1937 ला बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं बिल आणलं आणि खोती प्रत्यक्षात गेली ती स्वातंत्र्यानंतर.

मंडलिकांची भाषणं 1896 मध्ये पुस्तकरूपाने छापलेली आहेत. तेव्हा विनंती आहे की त्यातली खोतीवरची बाजू आणि कुळांची बाजू, दोन्ही घेऊन एक वेगळा लेख द्यावा, कोकणातले वाचक आवडीने वाचतील.

आपला,
एक वाचक, दापोली