बटण दाबलं, पुढे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरच्या घरी कॉम्प्युटर जोडण्याविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. एकदा जोडायला बसण्याआधी, भाचीच्या आग्रहावरून. दुसऱ्यांदा रात्री साडेअकराला, जमिनीवर बसून, समोर मुका डबा ठेवून. सुटे भाग कसे निवडायचे, थर्मल पेस्ट किती लावायची, वायरी मागच्या बाजूने कशा नेल्या की छान दिसतात, हे सगळं लेखात आहे. शेवट मात्र असा, की आता बटण दाबा, झालं. आम्ही दाबलं. काहीही झालं नाही. पुढच्या चार संध्याकाळी कशा गेल्या ते लिहायला हे पत्र.

मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते. सर्किट चालेना की मुलं पहिल्यांदा काय म्हणायची, तर "मॅडम, मीटर खराब आहे." मीटर सहसा ठणठणीत असायचा, वायर भलत्याच टर्मिनलला लावलेली असायची. कॉम्प्युटरच्या बाबतीत हेच वाक्य 'बोर्ड गेला' असं म्हटलं जातं. (बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी.) भाचीनं ते दहाव्या मिनिटाला म्हटलं. तिच्या मित्रानं तर डबा न बघता, फोनवरूनच.

मुळात 'सुरू होत नाही' ही एकच तक्रार नव्हे. बटण दाबूनही सगळं ठार बंद, हा एक प्रकार. पंखे फिरतात पण पडदा काळा, हा दुसरा. सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडतो, हा तिसरा. त्यात कुठेतरी शॉर्ट आहे का ते आधी बघायचं, विशेषतः बोर्ड ज्यांच्यावर टेकवतात त्या बारक्या पितळी खांबांपैकी बोर्डाखाली जादा राहिलेला एखादा. तिन्हींचे रस्ते वेगळे. आपल्या लेखाच्या चौकटीत मात्र तिन्हींना एकच औषध होतं : एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदलून बघा.

आमचा पहिला प्रकार. एसएमपीएसच्या मागचं बटण चालू होतं, २४ पिनांची जाड केबल घट्ट बसली होती. मी खोलीतला दिवा घालवला, तेव्हा बोर्डाच्या कोपऱ्यात एक बारीकसा दिवा मिणमिणताना दिसला. कॉम्प्युटर बंद असतानाही एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्ट पुरवत असतो, त्यावरचा हा दिवा. म्हणजे वीज दारापर्यंत आली होती. आत यायचा निरोपच कुणी देत नव्हतं. निरोप देतं कॅबिनेटचं बटण. त्याच्या दोन वायरींचं टोक बोर्डाच्या तळाशी दोन ओळींतल्या केसासारख्या पिनांवर बसवायचं असतं. टॉर्च आणि भिंग घेऊन मी पालथी पडले. टोक एक घर सरकलेलं होतं! हे टोक उलटं लावलं तरी चालतं, बटण फक्त दोन पिना क्षणभर जोडतं. उलटं लावून चालत नाही ते कॅबिनेटवरच्या दिव्यांचं. तरी खात्री करायला मी टोक काढलं, पुस्तिकेतली आकृती पाहिली आणि त्याच दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक एकदा टेकवलं. पंखे गरगरले. भाची किंचाळली. इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढली, पण असा आनंद क्वचित झाला होता.

तो तेवढ्यापुरताच. पडदा काळा. मॉनिटरची केबल आम्ही ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणाऱ्या वेगळ्या कार्डाला लावली होती, बोर्डाला नाही, तेव्हा तो प्रश्न मिटला. (इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतातच. तिथे बोर्डाच्या सॉकेटात केबल खुपसून बसलात तर जन्मभर काळोख.) बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ८ पिनांची केबलही जागेवर होती. ती विसरणं फार सोपं असतं, कारण २४ पिनांची लावली की माणसाला वाटतं वीज दिली. शिवाय ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची केबल तिच्यासारखीच दिसते. ती ६ आणि २ अशी सुटते, प्रोसेसरची ४ आणि ४ अशी. भोकांचे आकारही वेगळे असतात. जोर लावावा लागला तर समजावं आपण चुकतोय.

बोर्डावर चार इवले दिवे होते : सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (मेमरी, म्हणजे रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरुवात). सुरू होताना एकेक तपासणी होते आणि जिथे गाडी अडते तो दिवा लागून राहतो. आमचा डीरॅमवर अडला. रॅमची एक पट्टी खरंच नीट बसलेली नव्हती, एका टोकाला सोनेरी कड केसभर वर दिसत होती. दाबली, टक् झालं. तरी दिवा तोच. मग माझी जुनी शिस्त : एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. एकच पट्टी ठेवली. दुसरी लावून पाहिली. खाच बदलली. दर वेळी मिनिटभर वाट बघायची, दिवा गेला नाही की बंद. वहीची दोन पानं भरली. "मावशी, रॅम गेली," भाची म्हणाली. यावेळी माझाही विश्वास बसत चालला होता.

तिसऱ्या रात्री पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत, मुंगीएवढ्या अक्षरांत, ओळ सापडली : नवीन रॅम लावल्यावर पहिल्यांदा सुरू होताना मेमरी ट्रेनिंगला वेळ लागतो, तोवर बंद करू नये. आमचा बोर्ड एएम५ सॉकेटचा (एएमडीच्या प्रोसेसरची बैठक), म्हणजे फक्त डीडीआर५ या प्रकारची रॅम घेणारा. या रॅमचा वेग इतका, की बोर्ड आधी संदेशांच्या वेळा जुळवून बघतो आणि त्यात कित्येक मिनिटं जाऊ शकतात. तेवढा वेळ पडदा काळाच. आम्ही दर मिनिटाला त्याचं जुळवणं मोडत होतो आणि पुन्हा पहिल्यापासून करायला लावत होतो. पारा स्थिरावायच्या आत थर्मामीटर उपसणाऱ्या मुलांवर मी आयुष्यभर ओरडले, आणि स्वतः तेच करत होते.

चौथ्या संध्याकाळी दुसऱ्या खाचेत एकच पट्टी ठेवली, बटण दाबलं आणि भाचीला हात मागे बांधून बसायला सांगितलं. पाचव्या मिनिटाला डीरॅमचा दिवा गेला, व्हीजीएचा लुकलुकला आणि पडद्यावर अक्षरं आली. दुसरी पट्टी चौथ्या खाचेत घातल्यावर पुन्हा तेवढंच बसावं लागलं, पण आता कुणी घाबरलं नाही.

चौकटीबद्दल आणखी एक. एसएमपीएस तपासायला हिरवी आणि काळी तार क्लिपनं जोडा, असं तिथे छापलंय. आजच्या पुष्कळ एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्याच असतात; शोधायची ती २४ पैकी १६ नंबरची पिन, तीही केबल बोर्डापासून सोडवून. पंखा फिरला तरी सिद्ध एवढंच होतं, की एसएमपीएस सुरू होतो. भार पेलेल की नाही ते त्यातून कळत नाही. आणि 'बदलून बघा' म्हणताना हेही छापायला हवं होतं, की जुन्या एसएमपीएसच्या सुट्या केबली नव्याला लावू नयेत. खाचेत बसल्या तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि त्यात भाग जळतात. एसएमपीएसचा डबा तर उघडूच नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरात विद्युतभार उरतो.

पुढच्या एखाद्या पुरवणीत न सुरू होणाऱ्या कॉम्प्युटरला अर्धं पान द्यावं, ही विनंती. पहिल्या वेळी दहा मिनिटं हात लावू नका, ही ओळ त्यात ठळक टायपात यावी.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक

ता. क. : एक स्क्रू उरला आहे. तो कशाचा, हे लेखातही नाही आणि पुस्तिकेतही नाही. बोर्डाखाली दुसरा पडलेला नाही, एवढं बघून घेतलं आहे.