डाईंग मास्तर, त्या किलोभर मिठाबद्दल आभार

आदरणीय मास्तर,

स. न. वि. वि.

शाळेत तुमचा सत्कार करायचं ठरलं तेव्हा तुम्ही हात जोडून नको म्हणालात. "लेकरांना रंग दाखवला, त्यात काय सत्कार?" एवढंच बोलून सायकलवर बसलात. म्हणून हे पत्र उघडच लिहितेय, सगळ्यांनी वाचावं असं. तुमचं नाव घातलेलं नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

जानेवारीची गोष्ट. गड्ड्याची जत्रा उठून आठवडा झाला असेल. नववीच्या वर्गात आम्ल-आम्लारींचा धडा संपवून मी प्रदूषणावर आले आणि वर्षानुवर्षं सांगत आलेलं वाक्य सांगितलं: कारखान्यांचं रंगीत सांडपाणी नाल्यात जातं, नाल्यातून नदीत जातं आणि नदी मरते. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने मात्र पेन खाली ठेवलं. तिचे वडील तुमच्या हाताखाली रंगाच्या हौदावर काम करतात हे मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं. ज्या वर्गात कितीतरी मुलांचे वडील लूमवर नाहीतर सूत रंगवायच्या डाईंगमध्ये आहेत आणि आया घरी विड्या वळतात, तिथे हे वाक्य कुणाच्या उंबऱ्यावर जाऊन पडतं, याचा विचार मी बावीस वर्षांत केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तुम्ही फाटकाशी उभे होतात. मला वाटलं, भांडायला आलात. तुम्ही म्हणालात, "बाई, पोरगी घरी जाऊन बापाला विचारायली, पप्पा, नदी तुमी मारायलाव का? दोन दिवस झाले, तो गप हाय. कामावर पण बोलंना." मी माफी मागायला लागले तर तुम्ही थांबवलंत. "तुमचं खोटं नाही. पण लेकरांना अर्धंच कळलंय. मला एक शनिवार द्या."

मास्तर, तुम्ही रागावून परत गेला असतात तरी तुमचं चुकलं नसतं. तुम्ही शनिवार मागितलात, याचे आभार मला सगळ्यात आधी मानायचे आहेत.

त्या शनिवारी सकाळच्या शाळेला तुम्ही सायकलच्या कॅरिअरवर पातेलं बांधून आलात. पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडलीत: पांढऱ्या सुताच्या लड्या, तांबड्या रंगाची पुडी, धुण्याचा सोडा, हिराकस (लोखंडाचा क्षार), चुना. आणि शेवटी दुकानात मिळते तशी एक किलो मिठाची पिशवी. मुलांचे डोळे तिच्यावरच खिळले. मीठ कशाला?

तुम्ही फळ्याकडे गेला नाहीत, तोंडी हिशेब घातलात. "एक किलो सूत गडद रंगवायचं, तर वीस लिटर पाणी. लिटरला पन्नास ग्रॅम मीठ. किती झालं?" चाळीस जण एकदम ओरडले, एक किलो! "बराबर. किलोभर सुताला किलोभर मीठ. आता मला सांगा, आपली चादर कधी खारट लागती का?"

वर्ग गप्प. मीसुद्धा. चादरीत मीठ राहत नाही, मग जातं कुठे? पुस्तकातल्या एकाही स्वाध्यायात मी असा प्रश्न पाहिलेला नाही. तोच पुढे महिनाभर आमच्या वर्गात राहिला.

मग तुम्ही शंभर ग्रॅमची लडी दोन लिटर पाण्यात घातलीत. मीठ एकदम न टाकता तीन वेळा करून टाकलंत, दर वेळी लडी वर-खाली फिरवत. तुमचा हात पातेल्यात ज्या लयीत फिरत होता ती लय मुलं बघत होती, आणि मी मागे उभी राहून तुम्ही करत असलेल्या प्रत्येक गोष्टीचं रसायनशास्त्र मनात जुळवत होते. पाण्यात सुतावर ऋण प्रभार असतो, रंगाच्या रेणूवरही ऋण, त्यामुळे दोघं एकमेकांना ढकलतात. मिठामुळे हे ढकलणं कमी होतं आणि रंग सुताजवळ जाऊन बसतो. पण तो अजून नुसता बसलेला असतो, धुतला तर निघेल. सोडा घातल्यावर तुम्ही मुलांना सामू (पाणी किती आम्ल-आम्लारी ते सांगणारा pH) बघायला लावलात. सातच्या आसपास असलेला कागद अकरावर गेला, गडद निळा-जांभळा झाला. त्या आम्लारीधर्मी पाण्यात रंगाचा रेणू सुतातल्या सेल्युलोजशी सहसंयुज बंधाने जोडला जातो, म्हणून पक्का होतो. या जातीचे रंग इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणले. तुमच्या वडिलांच्या तरुणपणी हौदावर नॅप्थॉलचे आणि हायड्रो घालून करायचे जुन्या जातीचे रंग होते, आणि त्यांच्या नखांचा रंग शेवटपर्यंत गेला नाही, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. मुलं त्यानंतर बराच वेळ तुमच्या नखांकडे बघत होती.

"सगळा रंग सुताला लागत नाही," तुम्ही म्हणालात. "काही रंग पाण्याशीच सोयरीक करतो. तो मग सुताचा राहत नाही." जलअपघटन हा शब्द मी अनेक वर्षं शिकवलाय. तुमच्या त्या सोयरिकीनंतर तो एकाही मुलाला पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

लडी धुऊन झाली. पातेल्यात उरलेलं लालभडक पाणी तुम्ही काचेच्या बरणीत ओतलंत. त्यात हिराकशीचं पाणी आणि चुन्याची निवळी घातलीत, ढवळलंत आणि म्हणालात, आता मधली सुट्टी होऊ द्या. मुलं डबे घेऊन बरणीभोवतीच बसली. हिरवट-तपकिरी गठ्ठे धरू लागले, रंगाला घेऊन हळूहळू खाली बसले, आणि वर किंचित पिवळसर, जवळजवळ नितळ पाणी राहिलं. टाळ्या पडल्या. मला वाटलं, पाठ संपला. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची तीच मुलगी उठली आणि तिने विचारलं, "मास्तर, मीठ?"

तुमचा चेहरा त्या क्षणी मी पाहिला. तुम्ही तिलाच जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "हेच तुझ्या बाईंना सांगायला आलतो."

पुढचं आम्ही सोमवारपासून केलं, ते तुम्हाला नीट सांगायचं राहून गेलंय. त्या नितळ पाण्याचे ५० मिलिलिटर आटवले. खाली पांढरा थर उरला तो ३.२ ग्रॅम भरला, म्हणजे लिटरला ६४. त्यातले ५० तुमच्या मिठाचे, बाकीचे सोडा, हिराकस वगैरे मिळून, हा ताळा मुलांनीच लावला. मग मीठ ओळखायची सिल्व्हर नायट्रेटची परीक्षा. एका गटाने आधी नायट्रिक आम्लाचे थेंब टाकले नाहीत. आम्ल नसलं की साका फक्त मिठाचाच आहे असं म्हणता येत नाही, म्हणून त्यांचा निकाल धरला नाही. दुसऱ्या गटाचा साका दह्याच्या कवडीसारखा पांढराशुभ्र आला. दहावीच्या पुस्तकातलं समीकरण नववीच्या मुलांनी परीक्षानळीत पाहिलं, आणि आपल्याच गावातल्या पाण्यात पाहिलं.

शंभर मिलिलिटर पाण्यात ३६ ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळतं. त्यामुळे रंगासारखं ते गठ्ठा धरून खाली बसत नाही. ते काढायचं तर पाणी आटवायचं, नाहीतर दाब देऊन पडद्यातून गाळायचं, आणि दोन्हीला वीज किंवा इंधन लागतं. तोपर्यंत माझ्या शिकवण्यात दिसेल तेवढंच प्रदूषण होतं: लाल पाणी वाईट, नितळ पाणी चांगलं. मुलांना मी डोळ्यांवर विश्वास ठेवायला शिकवत होते. याचं मला फार वाईट वाटतं, मास्तर, कारण माझ्या हातून शिकून गेलेल्या कितीतरी मुलांना ते मीठ कधी कळलंच नाही.

ज्वारीचाही प्रयोग झाला. मालदांडीचे दाणे तीन बशांत ओल्या कापडावर ठेवले. नळाच्या पाण्यातले जवळजवळ सगळे उगवले. तुमच्या बरणीतलं पाणी उदासीन करून घातलं, तिथे एकही नाही. दहापट पातळ केलेल्या पाण्यात काही उगवले, पण उशिरा आणि आखूड मोडांचे. तेव्हा मोहोळकडचा एक मुलगा म्हणाला, आमच्या मामाच्या रानात असंच होतं, ते चोपण झालंय. त्याच्या मामाचं रान उसाला पाणी देऊन देऊन चोपण झालेलं, रंगाचा तिथे संबंध नाही. पण सोडियम तोच. काळ्या मातीत सोडियम वाढला की ती ओली असताना चिकट होते, वाळली की दगड, आणि पाणी आत मुरत नाही. मामा जिप्सम का टाकतो हे त्या दिवशी पोराला उमगलं: कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून उठवतो आणि स्वतः तिथे बसतो. माझ्या तासाला शेतीचा विषय मुलांनी आपणहून काढला, असं आधी कधी झालं नव्हतं.

आणि पाण्याचं तर काय सांगू? भीमेवरच्या उजनीतून शंभरेक किलोमीटर लांबून आलेलं पाणी आपल्याकडे काही दिवसांआड येतं. वीस लिटर म्हणजे काय, ते घागरी भरणाऱ्या या मुलांना मापाने सांगावं लागत नाही. एकाने विचारलं, सूत तेवढंच ठेवून पाणी निम्मं केलं तर मीठही निम्मंच लागेल ना? लागेल. कमी पाण्यात रंगवणारी यंत्रं याच हिशेबावर चालतात. पॉल अनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलंच हे आहे की घाण झाल्यावर साफ करत बसण्यापेक्षा ती होऊच न देणं बरं. आपल्याकडे हा भाग बारावीच्या पुस्तकात सोळाव्या, म्हणजे अगदी शेवटच्या प्रकरणात येतो. तिथपर्यंत पोचायच्या आधीच यातली बरीच मुलं शाळा सोडून कामाला लागलेली असतात. काही तर तुमच्याच हौदावर येतील. त्यांना हे नववीत कळलं, ते तुमच्यामुळे.

दुसऱ्या शनिवारी तुम्ही त्या मुलीच्या वडिलांना घेऊन आलात. ते दाराबाहेरच उभे होते. आत या म्हटलं तरी येईनात. मी फळ्यावर सोडा घालायची वेळ लिहिली तेव्हा बाहेरूनच म्हणाले, "बाई, एवढ्या लवकर नको, डाग पडतील." मग तुम्ही त्यांच्या हातात काठी दिलीत. पुढचा पाऊण तास वर्ग त्यांनी घेतला. त्यांची मुलगी पहिल्या बाकावर येऊन बसली होती आणि भराभरा लिहीत होती. ती वही मी नंतर मागून घेऊन वाचली. तिने 'पप्पांनी सांगितलं' असं चार ठिकाणी लिहिलंय.

त्याच दिवशी मुलांनी हट्ट धरला की नितळ पाण्यात मीठ आहेच, तर त्यातच दुसरी लडी रंगवायची. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. लडी निघाली ती मळकट, विटकरी. तुम्ही ती उजेडात धरलीत, दोन बोटांत सूत चोळलंत आणि सांगितलंत की पाण्यात चुना राहिलाय, लोखंडही आहे, त्याने शेड मारली. आधी सोडा घालून चुना खाली बसवा, गाळा, मग रंग घाला. मीठ वेगळं घालू नका.

ती विटकरी लडी प्रयोगशाळेच्या खिडकीत टांगलीय, तुमच्या तांबड्या लडीशेजारी. मुलं रोज दोन्ही पडताळून बघतात. पाणी आम्ही दोनदा गाळून बरणीत भरून ठेवलंय, सोडा घालून चुनाही बसवलाय. सूत आणलंय. येत्या शनिवारी साडेसातला या, त्या मुलीच्या वडिलांनाही घेऊन या. रंगाची पुडी तेवढी तुमच्याकडची हवी.

तुमची कृतज्ञ,
नववी 'ब'च्या विज्ञानाच्या बाई
सोलापूर