रात्रपाळीवरच्या त्या दादांना, मनापासून थँक्यू

दादा, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सकाळी चेकआउटला खाली आले तर तुमची ड्युटी संपलेली, काउंटरवर दुसरंच कोणीतरी. म्हणून हे असं जाहीर लिहितेय, तुमच्यापर्यंत पोचलं तर पोचलं.

रात्री माझा राऊटर हॉटेलच्या वायफायवर चालू करून देणं तुमच्यासाठी रोजचंच असेल. माझ्यासाठी नव्हतं. आई घरी एकटी असते, घरातला कॅमेरा बाहेरून कोणालाही दिसू नये म्हणून तो फक्त घरच्या नेटवर्कमधूनच उघडतो, आणि प्रवासात तो बघता यावा म्हणून हा तळहाताएवढा राऊटर घेतलेला. हॉटेलचं वायफाय पकडायचं, आतल्या आत व्हीपीएनने (म्हणजे इंटरनेटमधून घरच्या नेटवर्कपर्यंत जाणारी खाजगी वाट) घरी जोडायचं, की झालं. म्हणजे खोक्यावर तरी तसंच लिहिलंय! प्रत्यक्षात काय होतं तर राऊटर हॉटेलच्या वायफायला जोडला जातो, सिग्नलच्या सगळ्या काड्या फुल्ल, आणि नेट शून्य. कारण हॉटेलवाल्यांचं ते रूम नंबर आणि आडनाव विचारणारं पान भरल्याशिवाय पुढे काही सोडतच नाहीत. फोनवर ते पान आपोआप उघडतं, कारण फोन स्वतःच जोडल्याजोडल्या एक छोटी विनंती पाठवून बघतो की वाट मोकळी आहे का. राऊटरला ना स्क्रीन ना ब्राउझर, त्याच्यातर्फे ते पान आपणच उघडायचं, आणि त्यात माझ्या राऊटरवर व्हीपीएन आणि वेगळा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) आधीपासून लावून दिलेला, त्यामुळे हॉटेलला आपल्या पानाकडे वळवायची संधीच मिळत नाही. नुसतं गोल गोल फिरत राहतं.

आता ज्यांना ज्यांना विचारलं त्यांची गंमत ऐका. राऊटरच्या कस्टमर केअरवाल्याने सांगितलं मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक उपकरणाचा नेटवर्कवरचा ओळख नंबर) क्लोन करा, म्हणजे दुसऱ्याचा उचलून लावा, मॅडम, आणि फोन ठेवला. कुठला मॅक, कुठून घ्यायचा, काही नाही. आधीच्या एका हॉटेलात रिसेप्शनवरून उत्तर आलं, आमच्या बाजूने वायफाय चालू आहे. अहो चालू आहे ते मलाही दिसतंय! आमच्या फॅमिली ग्रुपवरचे एक आयटीवाले म्हणाले व्हीपीएन काढूनच टाक, कशाला पाहिजे. म्हणजे दुखतंय तर हातच कापा. प्रत्येकाचं आपापल्या कुंपणापर्यंत सगळं ओके, आणि मी मधल्या गल्लीत उभी.

तुम्ही पहिलं काय विचारलंत आठवतंय? "ताई, याच्यावर तुम्हाला करायचंय काय?" एवढ्या दिवसांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. आईचं सांगितलं तर चष्मा कपाळावर चढवलात आणि म्हणालात बघू या. मग म्हणालात की मी काही आयटीचा नाही, पण रात्री असे डबे घेऊन बरेच लोक खाली येतात, बघून बघून कळतं. आणि ज्याच्यावर मी अडून बसले होते ते तुम्ही दोन वाक्यांत सोडवलंत. हॉटेल माणसाला नाही, मॅक अ‍ॅड्रेसला ओळखतं, म्हणून फोनवरून लॉगिन करायचं आणि तोच अ‍ॅड्रेस राऊटरला द्यायचा. पण हल्लीचे फोन प्रत्येक वायफायला आपला वेगळाच बनावट अ‍ॅड्रेस दाखवतात (अँड्रॉइडमध्ये १० पासून, आयफोनमध्ये १४ पासून हे आलंय, हे मी नंतर वाचलं), त्यामुळे फोनच्या माहितीच्या पानावरचा खरा नंबर घेऊन उपयोग नाही, हॉटेलच्या वायफायच्या नावाखाली जो दिसतो तो घ्यायचा. कस्टमर केअरवाल्याने नेमकं हेच गिळलं होतं.

तो बारा अक्षरांचा नंबर तुम्ही काउंटरपलीकडून वाचून दाखवत होतात आणि मी टाइप करत होते, आणि बी की डी असं मी सारखं विचारायला लागल्यावर तुम्ही न चिडता "बदकातला बी, डमरूतला डी" असं सुरू केलंत. लॉबीत सोफ्यावर पेंगत बसलेले काका पण हसले.

पण दादा, थँक्यू खरं तर त्याच्या पुढच्या गोष्टीसाठी आहे. कॅमेरा उघडला, आई पलंगावर झोपलेली दिसली, मी पसारा गोळा करायला लागले, आणि काउंटरवर फोन वाजत असताना तुम्ही म्हणालात, "थांबा ताई, एकदा बंद करून चालू करून बघू, मगच वर जा." फोनवरून हॉटेलचं वायफाय फरगेट करायला लावलंत, नाहीतर फोन परत तिकडे उडी मारणार आणि एकाच अ‍ॅड्रेसचे दोघे आपसात भांडणार. मग राऊटरची वायर काढून परत लावली. तो लाइट लुकलुक करत स्थिर होईपर्यंत तुम्ही तिथेच उभे होतात, हाताची घडी घालून, जणू तुमच्याच घरचं काहीतरी अडलंय. काम झाल्यावर ते टिकतंय का हे बघायला कोण थांबतं हो? डॉक्टर थांबत नाहीत, प्लंबर थांबत नाहीत. हुशार माणसं खूप भेटतात, पण समोरच्याची अडचण नुसती आपल्या टेबलावरून सरकवायची नाही, ती संपली का हे बघायचं, ही वृत्ती कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळत नाही. आणि अशा माणसांना बहुतेक कोणी काही लिहीतही नाही, तक्रारी मात्र पानभर.

त्या रात्री मी कॅमेरा दोनदा उघडून बघितला, दोन्ही वेळा लागला.

हॉटेलच्या फीडबॅक फॉर्मवर टॉवेल, गाद्या, नाश्ता सगळ्याला स्टार द्यायची सोय आहे, याला नाही. म्हणून मॅनेजरना वेगळा मेल टाकलाय. नाव माहीत नाही तर "रात्रपाळीचे, चष्मा कपाळावर ठेवणारे" असं लिहिलंय. ओळखतील बहुतेक.