ज्वँव्हिलच्या वाटेवरून

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू एकदम गप्प झालीस आणि मग नुसतं "बरं, जेवलीस का?" म्हणालीस. तेव्हापासून चैन नाही, म्हणून हे पत्र. हो, सही करून झाली. आणखी तीन वर्षं इथे फ्रान्समध्येच. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर बाबा लगेच "कर" म्हणाले असते आणि तू रात्रभर जागी राहिली असतीस.

काम तेच, जाँ द ज्वँव्हिलने लिहिलेल्या आठवणींवरचं. अर्धवट टाकून आले तर गेली दोन वर्षं फुकट जातील. बाबा, तुम्हीच विचारलं होतंत ना, की हा माणूस नेमका कोण? फ्रान्समधल्या शाँपान्य प्रांताचा सेनेशाल, म्हणजे तिथल्या काउंटच्या पदरी असलेला मोठा मानकरी. पद घराण्यात वंशपरंपरेने चालत आलेलं. वडील सिमाँ १२३३ मध्ये गेले तेव्हा हा आठ-नऊ वर्षांचा. मागे आई, बेआत्रिस. १२४८ मध्ये फ्रान्सच्या नवव्या लुई राजाबरोबर धर्मयुद्धाला निघाला तेव्हा पंचविशीही गाठली नव्हती. ईस्टरच्या आदल्या दिवशी घरात मुलगा जन्मला, आठवडाभर मेजवान्या झाल्या आणि शुक्रवारी त्याने जमलेल्यांना सांगितलं, मी समुद्रापलीकडे चाललोय, परत येईन की नाही ठाऊक नाही. माझ्याकडून कुणाचं नुकसान झालं असेल तर सांगा, भरून देतो. आई हयात असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या वाट्याला हजार लिव्र (तिथलं तेव्हाचं चलन) उत्पन्नाचीही जमीन नव्हती. मग मेत्स शहरात जाऊन बरीचशी गहाण टाकली. बाबा, या पानावर मी दर वेळी अडते. मळ्याच्या कागदांवर सह्या करायला तुम्ही एकटेच गेला होतात, आणि घरी येताना माझ्यासाठी पेढे आणले होतेत.

मागच्या शनिवारी मी ज्वँव्हिल गावी जाऊन आले. टेकडीवरचा त्याचा किल्ला राज्यक्रांतीच्या काळात विकून पाडला, खाली मार्न नदी तेवढी आहे. निघताना तो अनवाणी, नुसत्या सदऱ्यावर ब्लेकूरच्या देवळापर्यंत चालत गेला होता. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत तो म्हणतो, मी ज्वँव्हिलकडे वळून पाहिलंच नाही. तो सुंदर किल्ला आणि माझी दोन लेकरं दिसली असती तर काळीज विरघळलं असतं. मीही त्याच रस्त्याला लागले आणि एका वळणावर मुद्दाम थांबून मागे पाहिलं. झाडांनी भरलेली टेकडी, बाकी काही नाही. तरी रडू आलं.

आई, विमानतळावर मी वळले नाही हे तुला लागलंय, मावशीने सांगितलं मला. अगं, वळले असते तर गेलेच नसते. बालवाडीच्या दारात तुझा पदर मुठीत धरून बसणारी मीच ना ती? बाई एकेक बोट सोडवायच्या.

तो इजिप्तमध्ये कैद झाला, आजारी पडला, पण सहा वर्षांनी, १२५४ मध्ये घरी आला. त्याची आई हयात होती, आणि पुढेही १२६० पर्यंत होती. राजाच्या आईचं वेगळं झालं, ते आज नको. पुढे राजाने दुसऱ्या मोहिमेला बोलावलं तेव्हा मात्र हा गेला नाही. मागच्या वेळी माझ्यामागे माझ्या माणसांचे हाल झाले, आता इथेच राहून त्यांना सांभाळतो, म्हणाला. मीही तीनच वर्षं म्हणतेय, पुढे मुदत वाढवणार नाही. आणि दर डिसेंबरला येणार.

माझी काळजी नको. खोली उबदार आहे, कूकर रोज लागतो, तूरडाळ मिळते. तुझा गोडा मसाला जपून वापरतेय, होळीपर्यंत पुरेल. तू विणलेला मफलर घातल्याशिवाय बाहेर पडत नाही.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी जेवणानंतर आठवली तर, असं चालणार नाही. डबीवर वार लिहून ठेवलेत, तसंच घ्यायचं. न्हाणीघरात धरायला दांडा याच आठवड्यात बसवून घ्या, पैसे पाठवलेत. आई, गुडघ्याचा फोटो काढायचा राहिलाय, दादाला सुट्टी नसेल तर रिक्षा करा, पण जा. माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढायचं नाही, मी आल्यावर काढीन. रागावू नका, लांबून एवढंच करता येतं मला.

विमान पहाटे तीनला उतरतं. थंडीत मुंबईला यायचं नाही, दोघांनीही. मी पहिली एसटी पकडून येते. दार आतून लावून झोपा, मी हाक मारीन.

तुमची,
छकुली