लुनेनबर्गची शाळा दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं!" म्हणता आणि लगेच विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात नव्यानं आलेल्या मराठी आईबाबांनीही ते वाचावं, असं मनापासून वाटतं.

लेकीला हेरिटेज फेअरसाठी, म्हणजे इथल्या इतिहासावरच्या मुलांच्या प्रदर्शनासाठी, विषय हवा होता. "आपण कुठे इथले? मी यांच्या इतिहासाचं काय सांगणार?" असं म्हणून ती रडवेली झाली होती, आणि मलाही तिला उत्तर देता येत नव्हतं. आयुष्यभर इथल्या मुलांना शिकवून निवृत्त झालेले तुम्ही तिला एवढंच म्हणालात, "शनिवारी सकाळी तयार राहा. शाळा बघायला जायचंय." गुडघा दुखत असतानाही शंभरेक किलोमीटर गाडी चालवत तुम्ही आम्हाला हॅलिफॅक्सहून लुनेनबर्गला नेलंत.

गॅलोज हिलवर, म्हणजे फाशीच्या टेकडीवर, शेजारी दफनभूमी असलेली ती पांढरीशुभ्र लाकडी अकॅडमी दिसली, काळ्या-लाल किनारीची, मनोऱ्यांची. लेक म्हणाली, "हा तर राजवाडा आहे!" तुम्ही तिला आधी गावाकडे पाठ करून उभं केलंत, मग तोंड करून, आणि दोन्ही बाजूंचं पाणी दाखवलंत. म्हणालात, "खाली बंदरात काम करणाऱ्या प्रत्येकाला मान वर केली की शाळा दिसली पाहिजे. जागा अशी निवडतात."

मग पायरीवर बसून तुम्ही सगळं सांगितलंत. 1864 साली इथले राजकारणी चार्ल्स टपर यांनी मोफत शाळांचा कायदा आणला, आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी सक्तीचा कर आला. लोक चिडले होते. दुसऱ्याच्या पोरांच्या शिक्षणाचा खर्च आम्ही का द्यायचा, हा त्यांचा प्रश्न. पण त्या व्यवस्थेतूनच काउंटी अकॅडमी, म्हणजे जिल्ह्याच्या मोठ्या शाळा, उभ्या राहिल्या, आणि काउंटीतल्या मुलांना फी न भरता वरच्या इयत्ता शिकण्याची वाट झाली. लुनेनबर्गची आधीची अकॅडमी 1893 मध्ये आगीत जळाली. दोन वर्षांत, 1895 मध्ये, ही नवी उभी राहिली, पुन्हा लाकडाचीच! हे ऐकून लेकीनं विचारलं, "परत जळाली असती तर?" तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "या गावाला जहाजं बांधता येत होती. लाकूड त्यांच्या हातातलं होतं." 1921 मध्ये याच गावात 'ब्लूनोज' ही प्रसिद्ध स्कूनर, म्हणजे शिडांचं जहाज, पाण्यात उतरली, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा ती इमारत मला सुद्धा वेगळी दिसायला लागली.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते नंतरचं. लेकीनं विचारलं होतं, जुन्या फोटोंत वरच्या वर्गात मुलगे इतके कमी का? तुम्ही तिथं काहीच बोलला नाहीत. आम्हाला उतारावरून बंदरावर नेलंत, समुद्रात जीव गमावलेल्या कोळ्यांच्या स्मारकाशी. काळ्या ग्रॅनाइटवर नावांच्या रांगा. 1926 आणि 1927 च्या ऑगस्टमधल्या वादळांत गेलेल्यांची नावं तिथं आहेत. एकच आडनाव पुन्हा पुन्हा येत होतं. तुम्ही खिशातून भिंग काढून लेकीच्या हातात दिलंत. अक्षरं तशी स्वच्छ वाचता येत होती, तरी ती भिंगातून एकेक नाव बोटानं लावत वाचत राहिली. आडनावं सारखी आहेत हे तिच्याच लक्षात आलं. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे ते शाळा सोडून बोटीवर गेले होते." तुम्ही नुसती मान हलवलीत. उत्तर तिचं तिला सापडू दिलंत, काका. शिकवणं म्हणजे काय हे मी त्या पाच मिनिटांत पाहिलं.

हायस्कूलचे वर्ग पुढे दुसरीकडे गेले, 2012 मध्ये लहान मुलंही नव्या शाळेत गेली. एकशे सतरा वर्षं मुलांनी गजबजलेल्या त्या वास्तूत आता संगीत शिकवतात, गावचं वाचनालयही तिथंच आहे. जुनं लुनेनबर्ग 1995 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. लेकीनं या सगळ्याला तिच्या तक्त्यावर फक्त दोन ओळी दिल्या. बाकी सगळी जागा तिनं मुलग्यांच्या त्या प्रश्नाला दिली.

फेअरच्या दिवशी एका आजोबांनी तिला विचारलं, तू लुनेनबर्गची का? ती न अडखळता म्हणाली, "नाही, पण मला तिथली शाळा माहीत आहे." मी मागे उभी होते. डोळे भरून आले. आपण कुठे इथले, असं म्हणणारी हीच का ती, असं वाटलं.

काका, तुम्हाला आणि काकूंना मनापासून नमस्कार. तुमचं भिंग अजून लेकीच्या कंपासपेटीतच आहे. येत्या रविवारी ती स्वतः घेऊन येईल. तिला तुम्ही शिकवलेल्या शाळेबद्दलही विचारायचं आहे. प्रश्न वहीत लिहून तयार आहेत, दोन पानं भरली आहेत.

तुमची कृतज्ञ,
हॅलिफॅक्सची एक आई