घंटागाडीचे पैसे वजनावर देऊ नका

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

तापीकाठच्या एका छोट्या शहरातून हे पत्र लिहिते आहे. आमच्या गल्लीतल्या बायका ओला आणि सुका कचरा नेमाने वेगळा ठेवतात. घंटागाडीतही मध्ये पत्रा घालून दोन कप्पे केलेत, एक हिरवा, एक निळा. पण गाडी चौकात येईतो हिरवा कप्पा भरतो आणि मग केळीची सालं, उरलेली भाजी, पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या सगळं निळ्यातच पडतं. गाडीवरच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "ताई, तिकडे एकाच ढिगात ओततात." त्याला काय बोलणार? खोट करारात आहे.

ठेकेदाराला टनामागे पैसे मिळत असतील तर पुठ्ठा, प्लास्टिक वेगळं काढून भंगारात देणं म्हणजे स्वतःचंच बिल कमी करणं. वर्गीकरणाची सक्ती 2016 च्या घनकचरा नियमांपासून आहे, पण पैसा उलट्या दिशेने ओढतो. म्हणून विनंती अशी, की शासनाने नगरपालिकांसाठी नमुना निविदा काढावी. किती घरांतून कचरा वेगवेगळा आला आणि त्यातला किती पुनर्वापराला गेला, यावर पैसे द्यावेत. मिसळलेल्या कचऱ्याचे पैसे कापावेत.

याचा फटका शेतीलाही बसतो. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात सेंद्रिय खताला कायम मागणी असते. माझ्या मामांनी शहरी कचऱ्याचं खत एकदा आणून पाहिलं. मूठभर हातात घेतलं तर त्यात शाम्पूच्या पुड्यांचे तुकडे आणि काचेचे कण. केळीच्या बुडाशी हातानं खत घालणाऱ्या मजूर बायांना ते कसं द्यायचं? मामांनी पुन्हा आणलं नाही. ओला कचरा स्वच्छ आला असता तर तेच खत गावातल्या गावात विकलं गेलं असतं.

हे होऊ शकतं. वेंगुर्ल्यासारख्या लहान नगरपरिषदेने काटेकोर वर्गीकरण करून कचरा डेपोचा कायापालट केला. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. आमच्याकडेही भंगार वेचणाऱ्या बाया आहेत. कोणती बाटली विकली जाते, कोणती नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? त्यांना ओळखपत्र, हातमोजे आणि वर्गीकरणाच्या शेडमध्ये हक्काचं काम द्या.

आणखी एक. पूर्वी लग्नकार्याला समाजाची भांडी मिळायची. आता लग्न असो की हिवाळ्यातली भरीत पार्टी, दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर एकदाच वापरायच्या ताटल्यांचा ढीग असतो. प्रत्येक नगरपालिकेने स्टीलची ताटं-वाट्या माफक भाड्याने द्यावीत. बचत गट ती सांभाळतील, धुतीलही, त्यांना त्याचा मोबदला मिळावा.

आमच्या शहराचा कचऱ्याचा ठेका लवकरच नव्याने निघणार आहे. त्याआधी नमुना निविदेचा आदेश यावा, एवढीच मागणी आहे.

आपली,
खान्देशातली एक गृहिणी