राशोलच्या लेखात मराठीला जागा नाही?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतील गोव्यातील राशोल सेमिनरीवरील, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयावरील, लेख वाचला. झुआरीकाठची शांतता, सेमिनरीच्या जाड भिंती आणि लांब ओवऱ्या यांचे वर्णन लेखकाने मन लावून केले आहे. मडगावच्या मासळीच्या थाळीलाही दीड रकाना मिळाला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र १६०६ साली पायाभरणी झालेल्या या जेझुइट (एक कॅथलिक धर्मसंघ) महाविद्यालयातून १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’, म्हणजे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे मराठी काव्य, रोमन लिपीत छापून बाहेर पडले, ही गोष्ट एका मराठी वृत्तपत्राच्या लेखात एका ओळीनेही येऊ नये? त्याच फादरांचे कोकणी व्याकरणही १६४० मध्ये तेथेच छापले गेले. १७५९ मध्ये पोर्तुगीज सत्तेने जेझुइटांना हाकलले, वास्तू पुढे धर्मप्रांताच्या सेमिनरीकडे आली आणि आजही तेथे धर्मगुरू घडतात. हा सारा इतिहास लेखकाने ‘पुढे बरेच बदल झाले’ एवढ्यावर उरकला आहे.

अर्थात, दोष एकट्या त्यांचा नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वडोदऱ्यातील एका मंडळाच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात क्रिस्तपुराणातील निवडक ओव्या वाचण्याचे मी कबूल केले होते. निमंत्रणपत्रिकेत त्याचे ‘संतकाव्यवाचन’ झाले, तेही मी मुकाट्याने स्वीकारले. माझ्या आधीच्या वक्त्यांनी फुलांत मोगरी आणि परिमळांत कस्तुरी तशी भाषांत मराठी, हे स्टीफन्स यांचेच बोल ज्ञानेश्वरमहाराजांच्या नावावर खणखणीत आवाजात म्हटले आणि टाळ्या घेतल्या. त्यानंतर मी उठलो, तर कार्यवाह कानाशी येऊन म्हणाले, “काका, पाद्र्याचं आज नको, लोकांना आवडायचं नाही. हवं तर हरिपाठ म्हणा.” ज्या ओवीला लोकांनी नुकत्याच टाळ्या वाजवल्या ती त्या पाद्र्याचीच, हे मी त्यांना सांगितले. त्यावर वेळ संपत आल्याचे कारण पुढे झाले आणि अल्पोपाहाराची घोषणा झाली. हरिपाठाविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, पण त्या संध्याकाळी तो म्हणण्याची इच्छा मला झाली नाही.

जाता जाता, लेखासोबतचे छायाचित्र राशोलचे नसून जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिकेचे आहे. गिलावा काढलेला तो तांबडा जांभा दगड आणि राशोलची चुन्याने रंगवलेली पांढरी इमारत यांत गल्लत होण्यास बरीच प्रतिभा लागते. दुरुस्ती छापणार असाल, तर ती वडोदऱ्यात येणाऱ्या अंकातही घ्यावी, कारण इथे पुरवणी अनेकदा येतच नाही आणि हा लेखही मला शेजाऱ्यांकडून मागून वाचावा लागला.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
दांडिया बाजार, वडोदरा